टॉनिकच्या बाटलीतलं लिथियम

माझं कुणी कौतुक केलं की 'छे, छे, त्यात काय एवढं' म्हणत मान खाली घालणाऱ्यांतली मी नाही. मी नीट ऐकून घेते, आणि सांगणाऱ्याकडून एखादी गोष्ट राहून गेली असली तर तिची आठवणही करून देते. नवरा म्हणायचा, नम्रता तुझ्याकडे औषधालासुद्धा नाही. खरं आहे ते. तेव्हा पुढची हकीकत थोडी मिरवतच सांगणार आहे. फक्त तिच्यात माझी एक मोठी चूक आहे, तीही सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

सत्तरच्या दशकात मी सांगलीतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असायची. माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं, आणि हातात फार्मसीचा डिप्लोमा. आमच्या रस्त्यावर काउंटरमागे बाई म्हणून मी एकटीच. सुरुवातीला गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारायचं, "दुकानात कुणी माणूस न्हाई का?" मी म्हणायची, "मग मी काय म्हैस आहे?" दुकानाचे मालक आतल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे, त्यांना तेवढ्यात खोकला यायचा. साठी उलटलेले, सज्जन, कुणाला न दुखवणारे. सगळा रस्ता त्यांना काका म्हणायचा, मीही काकाच म्हणायची.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांतला. लोक तो फेकून देतात. मी ते सगळे जपून ठेवायची आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचत बसायची. शेजारणी मासिकातल्या कथा वाचायच्या तशी मी हे कागद वाचायची. कुठल्या औषधाचं कुठल्या औषधाशी वाकडं आहे, कुठली दोन एकत्र पोटात गेली तर माणूस आडवा होतो, हे मला पाठ होत गेलं. काका म्हणायचे, "एवढं वाचून करायचंय काय? चिठ्ठीत लिहिलंय ते द्यायचं." मी वाचतच राहिले.

मनाच्या आजारांच्या औषधांची तऱ्हाच वेगळी होती. लोक त्यांना 'डोक्याच्या गोळ्या' म्हणत, तेही आवाज उतरवून. आणि आपल्या गावात त्या कुणीच घ्यायचं नाही. साताऱ्याचे लोक सांगलीला येत, सांगलीचे पुण्याला नाहीतर कोल्हापूरला जात. या एका लाजेवर एस.टी.ची निम्मी कमाई होत असावी, असं मी गमतीनं म्हणायची. ताप, खोकला, रक्तदाब यांसाठी गावातला डॉक्टर, डोक्यासाठी शंभर मैल लांबचा, आणि या दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

काकांनी या गिऱ्हाइकांसाठी एक रीत पाडली होती. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल काढून टाकायचं. घरात पाहुण्यानं बाटली पाहिली तरी काही कळू नये, हा हेतू. काकांचा चांगुलपणाच तो. आणि मी या कलेत काकांच्याही पुढे गेले. लेबल खरवडलं की डाग राहतो आणि डाग दिसला की लोक विचारतात, म्हणून मी गोळ्या सरळ टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत भरून द्यायला लागले. बाहेरून 'शक्तिवर्धक', आत डोक्याच्या गोळ्या. गिऱ्हाइकं मला दुवा द्यायची आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

अशी बाटली दर दोन महिन्यांनी नेणारी एक बाई होती. साताऱ्याजवळच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, हातभर हिरव्या बांगड्या, बोलणं खणखणीत. मी तिला मावशी म्हणायची. तिचा नवरा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. घरी आल्यावर पुढच्याच वर्षी त्यांना काय झालं कुणास ठाऊक, आठ दिवस डोळ्याला डोळा नाही, ऊस कारखान्याला जायच्या आधीच अख्ख्या गावाला जेवण घालायला निघाले, हातातलं घड्याळ काढून वाटेतल्या माणसाला देऊन टाकलं. मग तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून. सांगलीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्यांना लिथियमच्या गोळ्यांवर ठेवलं आणि माणूस ताळ्यावर आला. चार वर्षं शेती बघत होते, पोरीला मॅट्रिक केलं होतं. मावशी म्हणायची, "ताई, ह्या बाटलीत माझं घर हाय बगा."

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. चैत्रातलं ऊन. त्या दिवशी मावशी पहिल्यांदाच नवऱ्याला बरोबर घेऊन आली. उंच, मिशीवाला माणूस, पण दुकानाच्या पायरीवर बसताना तोल गेला. हात असे थरथरत होते की टोपी नीट करायला तीनदा प्रयत्न करावा लागला. काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही, जीभ जड झाली होती. काका आतून कुजबुजले, "सकाळी सकाळी टाकून आलेले दिसतात." एस.टी.तल्या कंडक्टरलाही तसंच वाटलं होतं म्हणे, कराडला खाली उतरवत होता.

"किती दिवस असं?" मी विचारलं.

"धा-बारा दीस झालं. हातपाय कापत्यात, पोट बी बिगडलंय. गोळ्या कमी पडत्यात वाटतं, म्हून आनलंय. जरा जास्तीच्या द्या."

हात कापणं, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं. तो मुंगीच्या अक्षरांतला कागद डोळ्यांपुढे उभा राहिला. या गोळ्या कमी पडल्याची ही लक्षणं नव्हती. अंगात त्या जास्त साठल्याची होती.

"मावशी, ह्यांना दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"न्हाई."

"दुसऱ्या डॉक्टरकडे गेला होता?"

"न्हाई म्हनलं न्हवं?" मावशीचा आवाज चढला. "आवं, दोन म्हयनं झालं, बाटली संपली, ती भरून द्या. सांजच्या गाडीनं माघारी जायाचंय."

"मग गोळ्या मिळणार नाहीत."

आता मी चिडले होते, आणि मी चिडले की माझा आवाज रस्त्यापलीकडच्या हळदीच्या वखारीपर्यंत जातो. मावशीही काही कमी नव्हती. पैसे देऊन घेतो, फुकट मागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी आहे, तू अडवणारी कोण, असं बरंच काही झालं. काका मध्ये पडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, आपण गोळ्या देणारे. डॉक्टर नव्हे. चिठ्ठी आहे ना?" मी म्हटलं, "काका, आज मी दिल्या तर हा माणूस घरी पोचणार नाही." काका खुर्चीत जाऊन बसले. मावशी रागानं पायरीवर जाऊन बसली आणि भाकरीचं फडकं सोडलं.

मी काउंटरमागून बघत होते. मला वाटलं होतं खाऊन निघून जाईल, दुसऱ्या दुकानात जाईल. तिनं दोन डबे काढले. एकातली भाजी नवऱ्याच्या भाकरीवर वाढली. स्वतः मात्र दुसऱ्या डब्यातली घेतली, वर ठेचा. नवऱ्यानं थरथरत्या हातानं ठेच्याकडे बोट दाखवलं तर तिनं डबा मागे ओढला.

सांगली-साताऱ्याकडची बाई नवऱ्याला ठेचा नाकारते? मी काउंटर सोडून पायरीवर जाऊन बसले.

"त्यांची भाजी वेगळी का, मावशी?"

"आळणी हाय."

"मीठ कुणी बंद केलं?"

मावशीच्या हातातला घास हातातच राहिला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि सगळं बाहेर पडलं. दीड महिन्यापूर्वी हवालदारांच्या पायांना सूज आली, डोकं दुखायला लागलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, मीठ बंद केलं आणि लघवी साफ होण्याच्या गोळ्या रोज घ्यायला सांगितल्या. डॉक्टरांनी विचारलंही होतं, दुसरं काही घेता का? मावशीनं पिशवीतली बाटली काढून दाखवली होती. टॉनिकची. डॉक्टरांनी वरचं नाव वाचलं आणि म्हणाले, चालू द्या, ताकदीचं आहे.

लिथियम हा मिठाचाच एक भाऊबंद. अंगातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंडं बिचारी मिठाबरोबर लिथियमही सोडेनाशी होतात, धरून ठेवतात. त्यात लघवीच्या गोळ्यांनी उरलंसुरलं मीठही काढून टाकलेलं. वरून चैत्राचं ऊन. म्हणजे माणूस रोज तेवढ्याच गोळ्या घेतोय, आणि अंगात मात्र त्या साठत चालल्यात. मला हे सगळं एका क्षणात कळलं. आणखी एक गोष्टही कळली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी वाचलेली ती बाटली माझ्या हातची होती. मी स्वतः गोळ्यांचं नाव पुसलं होतं, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मानसोपचाराच्या डॉक्टरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. जेवणाची वेळ. त्यांच्या घरच्यांनी सांगितलं, साहेब जेवतायत, चारला या. मी सरळ आत गेले. डॉक्टर फटकळ माणूस, माझ्याकडे बघून म्हणाले, "दुकानाला आग लागली का?" मी एका दमात सांगितलं: लिथियम, मीठ बंद, लघवीच्या गोळ्या, बारा दिवस कंप. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला. "मीठ बंद?" एवढंच विचारलं आणि हात धुवायला उठले. दोन तासांत हवालदार टांग्यातून मिरजेच्या दवाखान्यात, सलाईन लावलेलं, दोन्ही गोळ्या बंद.

दोन दिवस माणूस धड शुद्धीवर नव्हता. मी संध्याकाळी दुकानातून तिकडे जायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं नाही, पण पाणी मागितलं, आणि ते काय म्हणाले ते मला नीट कळलं. जीभ सुटली होती. मावशीनं माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता साताऱ्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो, त्यांना हे माहीत असलंच पाहिजे. रक्तदाब तर राहणारच आहे, आणि पुढच्या वेळी ते पुन्हा काहीतरी देतील. मावशी एकदम पांढरी पडली. डॉक्टर गेल्यावर मला व्हरांड्यात घेऊन गेली.

"ताई, त्येस्नी न्हाई सांगायचं. काय बी करा, पर त्येस्नी न्हाई."

"का?"

"पोरीची सोयरीक जमलीय. नवरा पोरगा फौजेतच हाय, लय चांगला. साताऱ्याचं डाक्टर त्येचं सख्खं मामा हायती."

मग माझ्या लक्षात आलं. म्हणून ती बाटली पुढे केली होती. म्हणून मला खोटं सांगितलं होतं. एकीकडे नवरा, दुसरीकडे पोरगी. मी म्हटलं, "मावशी, पुन्हा असं झालं तर मी वाचवायला असेन असं नाही." ती माझ्या पाया पडायला लागली. मला राग आला, तिचा नाही, मग कुणाचा ते मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, तुमच्यामागे मी कुणाला काही लिहिणार नाही. पण रडू नका, मलाही रडू येतं.

खोलीचं दार उघडं होतं हे आम्हा दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. हवालदार खाटेवर उठून बसले होते.

"चिठ्ठी माझ्याकडं द्या," ते म्हणाले.

"आवं, पोरीचं काय?" मावशी म्हणाली.

"पोरीचं लगीन कराय बाप जिता पायजे का नगो?"

आठ दिवसांनी मला माहेरी जायचंच होतं, त्यांनी मला बरोबर चला म्हटलं. साताऱ्याला त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बरेच लोक बसलेले. मावशी, मुलगी, मी भिंतीशी. मुलगी पहिल्यांदाच बघत होते मी, सडसडीत, बापाच्या उंचीची, वेणी घट्ट घातलेली. हवालदारांनी धोतर-कोट घातला होता आणि छातीवर फौजेतले बिल्ले लावले होते. मला वाटलं आत जाऊन दार लावून बोलतील. नाही. डॉक्टर दारात आले तेव्हा हे बाकावरून उठले, ताठ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "डाक्टरसाब, मागल्या येळी तुमाला खोटं सांगितलं. त्या टॉनिकच्या बाटलीत लिथियम हुतं. मला डोक्याचा आजार हाय. चार सालं औषध चालू हाय आन औषधानं मी ठीक हाय. ह्ये तुमाला माहीत पायजे, कारन तुमच्या औषधानं माझं औषध अंगात साचतंय."

डॉक्टर भला माणूस होता. चिठ्ठी वाचली, घाम पुसला, म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर मी ती गोळी कधीच दिली नसती."

"व्हय. पर तुमी सोयरं हुनार हुता."

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. रक्तदाबासाठी दुसरी गोळी लिहून दिली, मीठ किती घ्यायचं ते समजावलं, आणि ही गोळी लिथियमबरोबर चालते का हे मलाच विचारलं. चालते, मी सांगितलं. एका डॉक्टरनं भर दवाखान्यात मला विचारलं आणि मी उत्तर दिलं, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पण त्या दिवशी मी ताठ मानेनं बाहेर पडले, त्याचं कारण मी नव्हते. तो पुढे चालणारा, छातीवर बिल्ले लावलेला माणूस होता.

सोयरीक मोडली. महिन्याभरात निरोप आला, पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणे. मावशीनं पत्र लिहवून मला कळवलं, त्यात मला दोष दिला नव्हता, पण ते पत्र मी दोनदा वाचू शकले नाही. दुकानात मी टॉनिकच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या फेकून दिल्या. काकांना सांगितलं, यापुढे माझ्या हातून एकही लेबल निघणार नाही. कुणाला नको असेल त्यानं जावं दुसरीकडे. काही गेलेसुद्धा. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला लावायची, काउंटरवर मांडून एकेक तपासायची. लोक माझ्या पाठीमागे काय म्हणायचे ते मला कळत होतं.

मावशीची यायची वेळ झाली आणि ती आली नाही. तिच्या जागी तिची मुलगी आली. शनिवारचा बाजार, दुकान गच्च भरलेलं. ही आता मला चार शब्द सुनावणार आणि ते ऐकून घेण्यावाचून माझ्याकडे दुसरं काही नाही, एवढं मला कळत होतं. मी काउंटर सोडून कोपऱ्याकडे गेले, म्हणजे हळू बोलता येईल. ती कोपऱ्यात आली नाही. गर्दीतून वाट काढत सरळ काउंटरला आली, बापासारखी ताठ उभी राहिली, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लिथियम द्या, ताई. माझ्या वडलांना लागतंय. आन नाव मोठं लिवा."